घर्षण आणि बल : आरोग्यसेवकांच्या कामातील समाधानाचे शास्त्र



नंदुरबार जिल्ह्यातील लोणखेडा हे शहाद्याला लागून असलेले गाव. हवा स्वच्छ असेल तर येथून उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा दिसतात. खाली तापीच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन, ऊस, कापूस आणि केळीचे मळे. वर डोंगरात दूरदूर विखुरलेले पाडे. सपाटीवरच्या आजाऱ्याला शहाद्याच्या दवाखान्यात नेणे फारसे कठीण नसते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर मात्र आजाऱ्याला भेटणारी पहिली व्यक्ती म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा गावातली आशाताई. नर्सबाई बदली मागून निघून गेल्या आणि त्यांची जागा काही महिने रिकामी राहिली, तर काय होते? लसीकरणाचा दिवस चुकतो, गरोदर बाईची तपासणी राहून जाते, कमी वजनाचे बाळ वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा प्रश्न असा की, काही आरोग्यसेवक वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी मनापासून काम करतात आणि काही लवकरच कंटाळतात, थकतात, निघून जातात, असे का व्हावे? 'ज्याचा त्याचा स्वभाव' असे उत्तर आपण चटकन देतो. स्वभावाचा वाटा असतोच. पण गेल्या शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आहे, आणि त्यातून असे दिसते की समाधानाचा बराच मोठा भाग कामाच्या रचनेवर अवलंबून असतो. रचना माणसाने केलेली असते, म्हणून ती बदलता येते. ही रचना कशी तपासायची, ते या लेखात पाहू.

समाधान मोजायचे कसे?

ताप मोजायला तापमापी आहे, वजनाला काटा आहे. समाधान मनात असते. ते मोजणार कसे?

१९३२ साली रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक सोपी युक्ती सुचविली. 'माझ्या कामाचे मला समाधान वाटते' असे एक विधान द्यायचे आणि त्यापुढे पाच पायऱ्या ठेवायच्या : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. प्रत्येक पायरीला १ ते ५ गुण. अशा वीस-पंचवीस विधानांच्या गुणांची बेरीज केली की एक आकडा मिळतो. आजही जगभर हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरली जाते.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती तुम्हांला प्रयोगशाळेतून ठाऊक आहे. चमचाभर गरम पाण्यात मोठी तापमापी बुडवली तर तापमापी स्वतःच त्या पाण्याची उष्णता शोषून घेते आणि पाणी थंड होते. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची गोष्ट बदलते. माणसांचेही तसेच आहे. साहेबांनी समोर उभे राहून 'समाधान आहे ना?' असे विचारले, तर उत्तर 'हो' असेच येणार! म्हणून अशा प्रश्नावलीवर नाव लिहायचे नसते, आणि ती गोळा करणारा माणूस त्या कचेरीतला नसावा लागतो.

मोजपट्टी एक की दोन?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपली सर्वसाधारण समजूत अशी की समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोके आहेत. असमाधानाची कारणे एकेक करून दूर केली की माणूस आपोआप समाधानाकडे सरकेल.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने ही समजूत तपासून पाहिली. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांना व हिशेबनिसांना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले. कामात तुम्हांला फार आनंद झाला तो प्रसंग कोणता? आणि फार वाईट वाटले तो प्रसंग कोणता? १९५९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. आनंदाच्या प्रसंगांत लोक बहुधा कामाविषयीच बोलत होते : काहीतरी साध्य झाले, कुणीतरी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, नवे शिकता आले. वाईट प्रसंगांत ते कामाभोवतीच्या परिस्थितीविषयी बोलत होते : जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, अपुरा पगार, गैरसोयी. म्हणजे समाधानाची आणि असमाधानाची कारणे वेगवेगळी निघाली. पट्ट्या दोन होत्या!

भौतिकशास्त्रातील एक उदाहरण घेतले की हे पटकन समजेल. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवला आहे. टेबल खडबडीत आहे, म्हणून घर्षण फार. तुम्ही टेबल घासून गुळगुळीत केले, वर तेलाचा थर दिला. घर्षण जवळजवळ नाहीसे झाले. ठोकळा चालू लागला का? नाही. न्यूटनचा पहिला नियम सांगतो की बल लावल्याखेरीज स्थिर वस्तू स्थिरच राहते. याउलट घर्षण तसेच ठेवून ठोकळा नुसता ढकलत राहिलात, तर तुमची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि टेबल मात्र झिजते.

पगार वेळेवर न मिळणे, अतोनात काम, असुरक्षितता, औषधांचा तुटवडा हे कामातले घर्षण. आपल्या कामाचा परिणाम दिसणे, कौशल्य वाढणे, निर्णयाचा अधिकार मिळणे हे बल. घर्षण कमी केल्याने तक्रार थांबते. उत्साह येण्यासाठी बल लागते. आणि घर्षण कायम ठेवून केवळ 'सेवाभावाने काम करा' असा उपदेश करणे म्हणजे खडबडीत टेबलावर ठोकळा ढकलत राहणे होय.

हर्झबर्गच्या सिद्धान्तावर पुढे टीकाही झाली. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो. त्यामुळे अशा प्रश्नांची उत्तरे मुळातच दोन गटांत पडणार, असा आक्षेप घेण्यात आला. आक्षेप रास्त आहे. प्रत्यक्षात दोन्ही गटांची सरमिसळ होते. पगार हा माणसाला सन्मानही वाटतो. तरीही कोठे काय बिघडले आहे हे शोधण्यासाठी घर्षण आणि बल असे दोन रकाने आखून घेणे फार उपयोगी पडते.

घर्षणाचा पहिला रकाना : कामाचा भार

दवाखान्यातले सर्वांत मोठे घर्षण म्हणजे एका माणसावर पडणारा भार. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात दहा हजारांहून अधिक परिचारिका आणि शस्त्रक्रिया वगैरे झालेले सुमारे २ लाख ३२ हजार रुग्ण यांची माहिती होती. परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की, तिच्या कामाबद्दल असमाधानाची शक्यता १५ टक्क्यांनी व ती पूर्ण थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली होती.

समजा, एका परिचारिकेकडे ४ रुग्णांऐवजी ८ रुग्ण आले. ही वाढ ७ गुणिले ४ म्हणजे २८ टक्के नव्हे. ती चक्रवाढ व्याजासारखी वाढते : १·०७ × १·०७ × १·०७ × १·०७ = १·३१. म्हणजे वाढ ३१ टक्के. अर्थात हा सहसंबंध आहे. एकामुळेच दुसरे घडले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी संशोधकांनी रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाचा आकार इत्यादी बाबींचा हिशेब वेगळा करूनच हे आकडे काढले होते. परिचारिकेचे असमाधान आणि रुग्णाचा धोका हे दोन्ही एकाच कारणाने वाढत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

झोपेचेही असेच आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि नजर यांची सांगड घालण्याची क्षमता, रक्तात ०·०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दिसले. २४ तास जागे राहिल्यास ती ०·१ टक्के मद्यार्काच्या पातळीवर जाते. २००४ साली अमेरिकेत अतिदक्षता विभागांतील शिकाऊ डॉक्टरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ तासांहून अधिक लांबीच्या पाळ्या असताना, आखूड पाळ्यांच्या मानाने सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका घडत होत्या. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याला आपण अडवतो. रात्रभर जागलेल्या डॉक्टरला मात्र आपण 'किती कष्टाळू!' म्हणतो.

डोंगरातले अंतर : एक छोटे गणित

आता सातपुड्याकडे वळू. सरकारी निकषाप्रमाणे सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे एक. म्हणजे डोंगरातल्या नर्सबाईचे काम कमी, असे वरवर वाटेल. गणित करून पाहू.

मानू या की सपाटीवर एका चौरस किलोमीटरमध्ये ५०० माणसे राहतात आणि डोंगरात १००. सपाटीवर ५,००० माणसांसाठी १० चौरस किलोमीटर क्षेत्र लागेल. डोंगरात ३,००० माणसांसाठी ३० चौरस किलोमीटर. दोन्ही क्षेत्रे वर्तुळाकार धरली तर क्षेत्रफळाच्या सूत्रावरून त्रिज्या निघतात सुमारे १·८ आणि ३·१ किलोमीटर. म्हणजे माणसे कमी होऊनही चालण्याचे अंतर सुमारे पावणेदोन पट झाले! हे अंतर नकाशावरचे, सरळ रेषेतले. वाट मात्र चढउताराची, ओढ्यानाल्यांची असते आणि पावसाळ्यात ती आणखी लांबते. लोकसंख्येचा निकष हे अंतर पाहत नाही. म्हणून भार मोजताना किती माणसे एवढेच विचारून भागत नाही. किती किलोमीटर, किती चढ आणि किती नोंदवह्या हेही विचारावे लागते.

नर्मदेच्या काठी तर वाटही पाण्याची आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील काही गावांना होडीनेच पोहोचावे लागते. तेथे बोटीवरच्या तरंगत्या दवाखान्यातून सेवा दिली गेली आहे. २०२० साली करोनाच्या काळात चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः होडी वल्हवत काठावरच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत पोषण आहार पोहोचविला आणि त्यांची वजने घेतली. दिवसाला सुमारे १८ किलोमीटर वल्हवण्याचे हे काम देशभरच्या वृत्तपत्रांत आले. तिचे कौतुक झाले ते योग्यच. पण घर्षण आणि बल यांचा फरक येथे विसरू नये. बालकाचे वाढलेले वजन पाहून तिला जे वाटले असेल ते बल. दुखणारे खांदे हे घर्षण. शाल आणि श्रीफळ दिल्याने खांदे दुखायचे थांबत नाहीत. त्यासाठी यंत्राची होडी लागते.

थकवा आणि हतबलता

बराच काळ घर्षण फार आणि बल थोडे अशी स्थिती राहिली, म्हणजे काय होते? १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात स्वेच्छेने काम करणाऱ्यांत एक विचित्र थकवा पाहिला आणि त्याचे वर्णन केले. पुढे ख्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन लक्षणे सांगितली व १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पहिले लक्षण, मन पार रिकामे होणे. दुसरे, रुग्णाकडे माणूस म्हणून न पाहता 'तीन नंबरची खाट' म्हणून पाहणे. तिसरे, आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात याची नोंद केली, पण रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. म्हणजे दवाखान्यात आपल्यावर खेकसणारी व्यक्ती मुळातच वाईट असेल असे नाही. ती कदाचित या दुसऱ्या पायरीवर असेल.

यापेक्षाही बोचणारी एक अवस्था आहे. काय करायला हवे ते ठाऊक आहे, पण साधन नाही म्हणून करता येत नाही. १९८४ साली अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञाने परिचारिकांच्या संदर्भात तिला नाव दिले. मराठीत आपण तिला 'नैतिक घुसमट' म्हणू. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ऑक्सिजनअभावी तडफडणारे रुग्ण पाहणाऱ्या देशभरातल्या असंख्य डॉक्टरांनी व परिचारिकांनी ती अनुभवली.

नंदुरबारची ऑक्सिजन नर्स

याच काळात नंदुरबार जिल्ह्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले. दुसरी लाट येण्यापूर्वीच, २०२० पासून, जिल्हा प्रशासनाने हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे संच बसविण्यास सुरुवात केली होती. त्यांचे तत्त्व सोपे आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजातून सोडली की नायट्रोजनचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर धरून ठेवले जातात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब कमी केला की अडकलेला नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा वापरायला तयार होते.

संच बसले, पण ऑक्सिजन वाया जाता कामा नये. त्यासाठी जिल्ह्यात 'ऑक्सिजन नर्स' ही कल्पना राबविण्यात आली. सुमारे ५० रुग्णांमागे एका परिचारिकेकडे एकच काम : प्रत्येक रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी बोटावरच्या मापकाने वेळोवेळी पाहायची आणि जरूर तेवढाच प्रवाह ठेवायचा. रुग्ण जेवत असताना किंवा उठून गेला असताना चालू राहणारी नळी बंद करायची. या योजनेची दखल केंद्र व राज्य शासनाने घेतली आणि इतर जिल्ह्यांनाही ती सुचविण्यात आली.

कामाच्या रचनेच्या दृष्टीने हे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. १९७६ साली हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी समाधान देणाऱ्या कामाची पाच वैशिष्ट्ये सांगितली होती : कामात निरनिराळी कौशल्ये लागावीत, काम आदिपासून अंतापर्यंत आपले असावे, त्याचा दुसऱ्याच्या जीवनाशी संबंध असावा, निर्णयाची मोकळीक असावी, आणि काम कसे झाले ते कामातूनच कळावे. ऑक्सिजन नर्सचे काम या कसोट्यांना लावून पाहा. जबाबदारी नेमकी, अधिकार हातात, आणि परिणाम मापकाच्या आकड्यात तिथल्या तिथे दिसणारा. पन्नास रुग्ण हा भार मात्र मोठाच. म्हणजे येथे बल आहे आणि घर्षणही आहे. दोन रकाने वेगळे ठेवले म्हणूनच हे दोन्ही एकदम दिसते.

जामखेड आणि गडचिरोली

बल वाढविण्याचे प्रयोग महाराष्ट्रात याहून जुने आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकत नाहीत असा अनुभव आल्यावर त्यांनी गावांनीच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. या स्त्रिया ठरावीक दिवशी जामखेडला एकत्र जमत, आठवड्यातले अनुभव एकमेकींना सांगत आणि नवे शिकून परत जात. नवे ज्ञान, बरोबरीच्या सख्या आणि गावात वाढलेली पत, ही तिन्ही बलेच आहेत. या कामाबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यापुढचे पाऊल टाकले. बालकाचा न्यूमोनिया ओळखण्याची एक खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण ज्या सुईणीला मोठे आकडे मोजता येत नाहीत तिने तो मोजावा कसा? त्यासाठी त्यांनी मण्यांची एक चौकट आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनियाची शक्यता धरायची. उपकरण साधे, किंमत थोडी. पण त्याने ज्ञान आणि निर्णय त्या बाईच्या हातात आला. पुढे गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या ३९ गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. काल मेलेच असते असे बाळ आज अंगणात रांगताना पाहणे, याहून मोठे बल कोणते?

टाळ्या आणि मानधन

अशाच प्रयोगांच्या प्रकाशात २००५ साली देशात ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' स्वयंसेविका गावोगाव आल्या. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सर्व आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. त्याच्या आदल्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील हजारो आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता, आणि २०२३ मध्ये पुन्हा. गौरवही खरा आणि संपही खरा. एकीकडे बल होते, दुसरीकडे घर्षण. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले जाते आणि मोबदला बहुतांशी कामागणिक मिळतो. काम मात्र सकाळ-संध्याकाळ पाहत नाही.

जामखेडच्या उदाहरणाचा कुणी असा अर्थ काढील की प्रेरणा असली म्हणजे पैसे कमी चालतात. हा अर्थ चुकीचा आहे. बल वाढले म्हणून घर्षण नाहीसे होत नाही. ते फक्त काही काळ जाणवत नाही. सुरक्षिततेचेही तसेच. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. कायदा असूनही रात्रपाळीला एकटी असलेली परिचारिका घाबरत असेल, तर ते घर्षण अजून तेथेच आहे.

मग सुधारणा कशी करायची?

वरील विवेचनावरून एक क्रम हाती येतो. प्रथम मोजा, तेही नाव न विचारता. मग कारणांचे दोन रकाने करा. घर्षणाच्या रकान्यात मोबदला वेळेवर देणे, पाळ्या आखूड करणे, एकच माहिती चार वह्यांत लिहायला लावणे थांबविणे, राहण्याची जागा, पाणी, वीज आणि रात्रीची सोबत. बलाच्या रकान्यात नियमित शिक्षण, ठरावीक दिवशी सहकाऱ्यांची बैठक, लहान निर्णयांचा अधिकार आणि केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांपुढे मांडणे. नर्सबाई दर महिन्याला आकडे वर पाठवतात. त्या आकड्यांवरून काय निष्पन्न झाले ते त्यांच्याकडे परत किती वेळा येते? एका तक्त्यावर 'या वर्षी आपल्या उपकेंद्रात किती बालकांचे लसीकरण पूर्ण झाले' हे लिहायला खडूचा तुकडा पुरतो. शेवटी, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक पडला नसेल तर उपाय बदला. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

करून पाहा

हर्झबर्गचा प्रयोग तुमच्या वर्गात सहज करता येईल. प्रत्येकाने दोन चिठ्ठ्या घ्याव्यात. नाव लिहू नये. एकीवर अभ्यासात फार आनंद झाला तो प्रसंग, दुसरीवर फार वैताग आला तो प्रसंग लिहावा. शिक्षकांनी चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर दोन रकाने करावेत : कारण अभ्यासातच होते, की अभ्यासाभोवतीच्या परिस्थितीत? आनंदाच्या आणि वैतागाच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या रकान्यांत पडतात का ते मोजा. यशाचे श्रेय स्वतःला देण्याची खोड आकड्यांत कितपत उतरली असेल, त्यावरही चर्चा करा.

त्यानंतर शिक्षकांसह, परवानगी घेऊन, जवळच्या उपकेंद्रात जा. नर्सबाईंना आणि आशाताईंना त्यांच्या सोयीच्या वेळी हेच दोन प्रश्न विचारा आणि ऐकून घ्या. घर्षणाच्या रकान्यात आलेल्या पुष्कळ गोष्टी मुंबईला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ठरणाऱ्या असतील. परंतु दारातला चिखल, बंद पडलेला नळ, रात्री न लागणारा दिवा, लसीकरणाच्या दिवशी बालकांना बोलावून आणायला कुणी नसणे, अशी एखादी तरी गोष्ट गावाच्या हातातली निघेल. तिच्यापासून सुरुवात करा.